बधीरची वेलांटी

पडद्यावर गरिमाची पहिली पाटी उमटली आणि सीमंतिनीबाईंच्या डोळ्यांत सगळ्यांत आधी खुपली ती वेलांटी. वर निळ्या अक्षरांत 'रोगी के अपने शब्द' आणि खाली अवतरणचिन्हांत 'मैं बधिर हो गई हूँ'. ध ला पहिली? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी शाळेत उभा जन्म वह्या तपासण्यात गेलेला, त्यामुळे हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे वळला. बधीर. धी दुसरी. हे पाचवीच्या पोरालाही येतं, आणि ही आमची सून, नावापुढे डॉक्टर लावते, सबंध शहरातले वैद्य आणि होमिओपॅथ गोळा करून त्यांच्यासमोर सासूच्या नावाने अशुद्ध लिहिते. बाई मनातल्या मनात वेलांटी खोडून दुसरी काढणार, तेवढ्यात त्यांचा हात पर्सच्या चेनवरच थांबला. ही चूक नव्हती. हिंदीत तो शब्द असाच लिहितात. आणि हिंदीत त्याचा अर्थ एकच, बहिरा. म्हणजे गरिमाच्या हिशेबी बाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या होत्या, मी बहिरी झालेय.

डाव्या कानातलं मशीन त्याच वेळी बारीक शीळ घालायला लागलं. ते नेहमी भलत्या वेळी शीळ घालायचं. बाईंनी बोटाने ते दाबलं आणि मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "देखो, बेचारी को पता भी नहीं चल रहा कि सीटी बज रही है." बाईंना सीटीही ऐकू आली होती आणि बेचारीही. एसीचा घरघराट, तिकडे भिंतीपलीकडे हॉटेलची पोरं जेवणाच्या ताटल्या मांडत होती त्याचा खणखणाट, सगळं व्यवस्थित ऐकू येत होतं. ऐकू येण्याची बाईंना कधी अडचण नव्हतीच. अडचण होती ती ऐकून घेणाऱ्यांची.

मंचाच्या मागे भलामोठा फलक होता. 'फंक्शनल मेडिसिन चिकित्सकों हेतु निरंतर शिक्षा : अनदेखी बीमारियाँ'. सकाळी आत शिरताना तो वाचून बाईंना हसू फुटलं होतं. निरंतर शिक्षा! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे लग्न होऊन या गावात आल्यापासून त्या ऐकत होत्या, तरी मराठी डोळ्याला तो शब्द दिसला की पाठीत छडी बसल्यासारखी वाटायचीच. गरिमाने समजावून सांगितलं होतं. तिचं शास्त्र म्हणजे नुसतं लक्षण दाबायचं नाही, रोगाच्या मुळाशी जायचं. ते करणाऱ्यांना दरवर्षी असं थोडं पुन्हा शिकावं लागतं, त्याचे गुण मिळतात, गुण नसले की संस्थेतलं नाव जातं. या वर्षीचा विषय होता, डॉक्टरांच्या नजरेतून नेहमी सुटणारे आजार. प्रत्येकाने एक रोगी सोबत आणायचा. "आई, तुम्ही चलाल का? फक्त बसायचं आहे. मी सगळं बोलून घेईन." बाई हो म्हणाल्या, कारण त्यांना वाटलं, आता ती सांगणार. इतके दिवस घरात जे कोणी तोंडावर आणलं नाही ते आता इथे, चार जाणत्या माणसांसमोर, रीतसर सांगितलं जाणार. त्यासाठी बाई नवी फिकट जांभळी साडी नेसून, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, काळीज हातात धरून आल्या होत्या. आणि निघालं काय, तर बहिरेपण.

चैत्रातली ती सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. गरिमा ओट्याशी उभी होती, एका कानात वायर, कुठलंसं व्याख्यान ऐकत दुधी किसत होती. बाई दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. वाक्य त्यांनी रात्रीपासून घोटलं होतं, आणि बाहेर पडलं ते अर्धंच. "गरिमा, मला ना गं, बधीर झालंय." एवढंच. गरिमाने किसणी थांबवली, कानातली वायर काढली, बाईंकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं, हे बाईंनी स्वतः पाहिलं होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून, आई?" बाई म्हणाल्या, "संक्रांतीपासून असेल." "तुम्ही टेंशन नका घेऊ. मी बघते. यांना सध्या नका सांगू, ते उगाच घाबरतील." बस्स. कुठे, असं तिने विचारलंच नाही. बाईंना त्याचं केवढं कौतुक वाटलं! केवढी समज पोरीला. कुठे म्हणून विचारलं असतं तर बाही वर करून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत त्या दिवशी नव्हती. आज कळलं. बहिरेपणाला 'कुठे' हा प्रश्नच नसतो. बहिरं माणूस कानानेच होतं, विचारायचं काय त्यात!

उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या थोडं खाली, लहान पुरीएवढा एक फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा पाक त्यावर सांडला आणि अपूर्व, त्यांचा मुलगा, ओरडला, "अगं आई, हात!" तेव्हा बाईंना कळलं की हातावर काहीतरी सांडलंय. त्यांना काहीच झालं नव्हतं. फोड नंतर आला, वेदना आलीच नाही. सगळे म्हणाले, आई किती सोशिक. त्या संध्याकाळी न्हाणीघरात बाईंनी केसातली पिन त्या जागेवर टोचून पाहिली आणि मग दरवाजाला पाठ लावून उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर यवतमाळकडचं, दारव्ह्याचं. तिथे शाळेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या भिंतीवर, बसस्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरसुद्धा गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, अंगावर फिकट, न खाजणारा, न दुखणारा बधीर चट्टा. त्या भागातल्या कुठल्याही शाळकरी पोरासमोर नुसतं बधीर म्हणा, ते पुढचा शब्द चट्टा म्हणणार आणि त्याच्या पुढचा शब्द म्हणायच्या आधी गप्प होणार. तो पुढचा शब्द बाईंना उच्चारायचा नव्हता. कुष्ठरोग. घरात तर त्याला आणखी जुनं, आणखी वाईट नाव होतं. बधीर हा त्यांना सापडलेला सगळ्यांत सभ्य शब्द होता. तेवढा टाकला की ऐकणाऱ्याने बाकीचं ओळखायचं. दारव्ह्यात ओळखलं असतं. इथे, ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममध्ये, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सुनेने ओळखलं नाही. आणि तीही काही परक्या भाषेतली नाही, शिंदे की छावनीतल्या मराठा घरातली, वडील सूर्याजीराव अजून दसऱ्याला तलवारीची पूजा मराठीतून करतात. पोरगी मराठी बोलते, सणासुदीला झोकात बोलते, फक्त शब्द हिंदीचे कानात भरलेले. बाईंना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण अख्खा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"सबसे पहले मैंने पूरी जाँच करवाई," गरिमा माईकवर सांगत होती. खूप मेहनत केली होती तिने, आठवडाभर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा असायचा. जाँच! हो, करवली होती. किती नळ्या रक्त काढलं त्याला सुमार नाही. थायरॉइड, जीवनसत्त्वं, लोह, कुठकुठले हार्मोन. बाई हात पुढे करायच्या, डावा, आणि मनात म्हणायच्या, शोधतेय, बिचारी कोणाला न सांगता शोधतेय. मग एक दिवस ती त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आता हसावं की रडावं! कारण बाईंना भिंतीवरची पुढची ओळही पाठ होती. कानाच्या पाळ्या जाड होणे. काचेच्या खोलीत बसवून कानाला डबे लावले तेव्हा त्या समाधानाने बसल्या होत्या, की बघा, कान तपासतायत, म्हणजे रस्ता बरोबर आहे. तो मुलगा म्हणाला, आवाज आला की बटण दाबा. कुठे आला, कुठे बारीक होता, बाईंनी दाबलं, कुठे नाही दाबलं, त्यांचं लक्ष पाळ्यांकडे होतं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने थोडं कमी आहे. आणि पुढच्याच आठवड्यात हे मशीन. बाईंना वाटलं, तपासता तपासता हेही निघालं, म्हातारपण आहे, घालू. सुनेचं मन मोडायचं नाही. मूळ गोष्ट ती योग्य वेळी बोलेल.

मग ताट वेगळं झालं. ते आठवून बाईंना पुन्हा तसंच लागलं, जरी आता त्याला काही अर्थ राहिला नव्हता. गरिमाने सांगितलं, "आई, आजपासून तुमचं वेगळं बनेल. गहू बंद, दूध बंद." वेगळं पातेलं आलं, वेगळा तवा आला, तांब्याची वेगळी बाटली आली, तिच्यावर बाईंचं नाव. "दुसऱ्या कोणी यातलं नाही घ्यायचं हं, आईंचं वेगळं आहे," असं ती सोनिकाला बजावून सांगायची. सोनिका म्हणजे नात, पहिलीतली. बाई ज्वारीची भाकरी त्या वेगळ्या ताटात मोडायच्या आणि समोरच्या पोळीकडे बघायच्या नाहीत. त्यांना वाटायचं, सरळ सांग ना बाई एकदा. एवढं गोड बोलून कशाला. सुधामावशीला तरी कुठे कोणी वाईट बोललं होतं? दारव्ह्याच्या घरी आईची ही धाकटी बहीण काही वर्षं राहायला होती. ती किती छान गायची, नाकात जरा घरघर होती तरी. तिला कोणी घराबाहेर काढलं नाही. फक्त थोडं थोडं सरकवलं. आधी तिचा कप फळीच्या टोकाला गेला. मग तिची सतरंजी पडवीत. मग माणसं तिच्याशी बोलताना दाराच्या आत उभी राहून बोलायला लागली. आणि एक दिवस ती कुठल्याशा आश्रमात बरी राहील असं ठरलं, ठरवणारे सगळे रडले, आणि ती टांग्यात बसताना लहानग्या सीमंतिनीकडे बघून हसली, जवळ घ्यायला हात पुढे केले आणि स्वतःच मागे घेतले. नंतर बाईंनी शाळेत किती वर्षं मुलांना लिहून दिलं, हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो, रोग्याचा तिरस्कार करू नये. निबंधाचा ठरलेला विषय. पूर्ण गुण मिळायचे त्या वाक्याला. आणि ते खरंच होतं. सगळं माहीत होतं त्यांना. माहीत असण्याचा आणि न्हाणीघरात पाठ दाराला लावून उभं राहण्याचा काही संबंध नसतो, एवढंच.

"सामाजिक अलगाव," गरिमाने पुढची पाटी आणली. "कई महीनों से माताजी अपनी पोती को पास नहीं आने देतीं. पहले वो उन्हीं के हाथ पर सिर रखकर सोती थी. अब कहानी भी नहीं सुनातीं. क्योंकि बच्चे की महीन आवाज़ सुनाई नहीं देती, तो इंसान चिढ़ने लगता है, और दूर हो जाता है." हॉलभर माना हलल्या. कोणीतरी लिहून घेतलं. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उजव्या हातावर डोकं ठेवून झोपायची ती, बाई! त्या चट्ट्यावर! म्हणून नाही घेत तिला. ती दाराशी येऊन "आजी, गोष्ट" म्हणते आणि मी पाठ फिरवते, तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो मला, ती कुठल्या पायावर उभी आहे तेसुद्धा कळतं. रोज दुपारी त्या पोरीच्या चपला फटक फटक दारापर्यंत येतात आणि तशाच परत जातात, आणि तुम्ही म्हणता महीन आवाज़!

आणि तरी, या चिडीच्या खालून एक वेगळीच गोष्ट हळूच वर येत होती. म्हणजे कोणालाच माहीत नाही. गरिमाला माहीत नाही, अपूर्वला तर नाहीच. ताट वेगळं झालं ते भलत्याच कारणाने. बाटली कुठल्यातरी पथ्याची. कोणी बाईंना सरकवत नव्हतं, त्या स्वतःच सरकत होत्या. अजून काहीच झालेलं नाही. बहिरी तर बहिरी. बहिऱ्या म्हातारीला घरात जागा असते, तिच्यावर ओरडतात, तिची नक्कल करतात, पण तिच्याच ताटात हात घालून पापड उचलतात. मशीन घालायचं, बाह्या लांब ठेवायच्या, मान हलवायची. किती सोपं होतं. बाईंना आपली स्वतःचीच लाज वाटली, पण सोपं होतं हे खोटं नव्हतं. आणि सोनिका? ती दाराशी यायची एक दिवस बंद होईल. पोरं होतातच.

"तो अब माताजी से ही सुनते हैं!" मोठे डॉक्टर, संग्रामसिंह, दिल्लीहून आलेले, सुटाच्या वर गळ्यात उपरणं घातलेले, माईक घेऊन खाली उतरले आणि बाईंच्या पुढ्यात वाकले. त्यांनी बाईंच्या कानापाशी तोंड नेलं आणि बैलाला हाकारावं तसा आवाज काढला. "माँजी! कैसा लगता है? मशीन से आराम है?"

बाईंनी कानातलं मशीन काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"मुझे सुनाई देता है," त्या म्हणाल्या. "पहले भी देता था."

"बहुत अच्छा! मशीन से फ़र्क पड़ा!"

"मशीन तुमच्या हातात आहे. आपके हाथ में है मशीन." बाईंचा आवाज चढला. वर्गात चढायचा तसा. "पीछे ये जो हरे कुर्तेवाली हैं, उन्होंने मुझे बेचारी कहा. उनके बाजूवाली ने कहा खाने में आज भी पनीर ही होगा. और आपने, मंच पर चढ़ने से पहले, उस लड़के से पूछा कि इस गाँव से निकलने की आख़िरी गाड़ी कब है. सब सुना मैंने."

हॉल खदाखदा हसला. हिरव्या कुर्त्याने तोंडावर कागद धरला. संग्रामसिंह हसणाऱ्यांबरोबर हसले, आणि मग त्यांनी तर्जनी वर केली. असल्या माणसांची तर्जनी वर गेली की समजावं, आता आपलं काही खरं नाही. "नोट कीजिए! इनकार! यही तो इस बीमारी का पहला लक्षण है. रोगी मानता ही नहीं. वाह, डॉक्टर गरिमा, कितना सुंदर केस लाई हैं आप!"

आणि टाळ्या. बाई उभ्याच राहिल्या. ऐकू येत नाही म्हटलं तर बहिरी, ऐकू येतं म्हटलं तर फारच बहिरी. या माणसांपुढे काय बोलायचं? यांना दिसत नसलेले आजार शोधायला जमवलंय, आणि समोर उभं माणूस दिसत नाही. संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही कोणीतरी टिपून घेतलं असणार, भावनिक अस्थिरता म्हणून. त्यांनी गरिमाकडे पाहिलं. ती मंचावर एकटी उभी होती. टाळ्या तिच्यासाठी होत्या, पण ती टाळ्यांकडे बघत नव्हती. ती बाईंकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

चहाच्या सुट्टीत तिने बाईंना दंडाला धरून बाहेर आणलं. पॅसेजच्या टोकाला रिकाम्या खुर्च्यांची उतरंड होती, तिथे कोणी नव्हतं. तिने आधी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग तिचा बांध फुटला. "आई, काय आहे हे? इतक्या लोकांसमोर? मी किती तयारी केली होती! तुम्हाला ऐकू येऊन राहिलं आहे तर मग आधी का नाही बोलल्या? मशीन का घालत होत्या?"

"तू आणलंस म्हणून घातलं."

"मी का आणलं? तुम्हीच तर बोलल्या होत्या ना किचनमध्ये! की मी बधिर झाली आहे. मी घाबरून गेली होती आई. माझ्या नानीचं पण असंच सुरू झालं होतं, पहिले कमी ऐकू यायचं, मग ती कोणाला ओळखायचीच नाही. मी विचार केला की वेळेवर पकडलं तर तुमचं तसं नाही होणार. मी काय गुणांसाठी करून राहिली आहे का हे सगळं?" ती रडत होती आणि रडण्याचा तिला रागही येत होता, ओढणीने डोळे खसाखसा पुसत होती. "आता मी आत कशी जाऊ? सगळे हसतील. आणि ते समजतात की तुम्ही खोटं बोलून राहिल्या आहात."

बाईंना एकदम थकवा आला. केवढं प्रेम, आणि केवढा मूर्खपणा, आणि दोन्ही एकाच पोरीत, आणि तसंच दोन्ही त्यांच्या स्वतःतही. इतके दिवस एका घरात, एका ओट्याशी, दोघी एकमेकींना जपत होत्या, एक कान जपत होती आणि दुसरी हात. आता गप्प बसलं तर? घरी जायचं, गरिमा दोन दिवस फुगून बसेल, मग मशीन कपाटात जाईल, मग कोणी काही विचारणार नाही. बाईंना ठाऊक होतं, ही संधी परत यायची नाही, दोन्हीही, बोलायची आणि न बोलायचीही. आपल्या भाषेत आपण सांगितलं होतं, ते पोचलं नाही. आता ज्या भाषेत पोचतं त्या भाषेत सांगायचं होतं, आणि त्या भाषेत आडपडदा नव्हता. त्या शब्दामागे लपता येणार नव्हतं. घरात मराठीच बोलायचं, पोरांनी मिसळलं तरी आपण मिसळायचं नाही, असा आजवर धरलेला हट्ट त्यांना आठवला, आणि तो हट्ट या क्षणी फार लांबचा वाटला.

"बधीर म्हणजे बहिरं नाही गं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"सुन्न."

गरिमाचा ओढणीचा हात थांबला. "सुन्न?"

"सुन्न. चट्टा आहे. दाग. सुन्न दाग." तीन वेळा म्हणावं लागलं, आणि प्रत्येक वेळी आवाज बारीक होत गेला.

पॅसेजमधून कोणीतरी चहाचा कप घेऊन गेलं, गरिमाला बघून हसलं. गरिमा हसली नाही. तिचा चेहरा बदलत गेला. रडवेली सून त्या चेहऱ्यावरून गेली, गुण मिळवायला आलेली बाईही गेली, आणि कॉलेजात कधीतरी कुठल्याशा सरकारी वॉर्डात उभी केलेली एक मुलगी तिथे आली, जिला हे शिकवलं होतं आणि जी ते विसरली होती. तिने मग तो प्रश्न विचारला.

"कुठे?"

बाईंनी बाही वर सारायला घेतली. बटण निघेना. गरिमाने बटण काढलं, बाही कोपरापर्यंत दुमडली, हात उजेडाकडे वळवला. बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्या तिच्या पायांकडे बघत होत्या. पाय मागे सरकतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. माणसाचं तोंड सभ्य राहतं, पाय राहत नाहीत.

"सोनिकाला म्हणूनच..." गरिमा म्हणाली आणि थांबली.

"हो."

"आई, याची औषधं असतात. बरं होऊन जातं. पूर्ण."

"माहीत आहे मला," बाई चिडून म्हणाल्या. "निबंध लिहून द्यायचे मी त्यावर."

"पण पहिले बघावं लागेल ना, तेच आहे की दुसरं काही. माझ्याने चूक नको व्हायला परत." तिने नाक ओढलं. "डोळे बंद करा. मी हात लावीन. लागला की बोला."

बाईंनी डोळे मिटले. आत हॉलमध्ये कोणीतरी माईकवर फुंकर मारून बघत होतं. संग्रामसिंह बिनसाखरेचा चहा मागत होते. वरच्या छतातून एसीचं पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं, आणि अगदी जवळ गरिमाचा श्वास, रडून झाल्यावर येतो तसा, मधेच अडखळणारा. बाई वाट बघत राहिल्या. पेनाच्या टोकाने लावेल, नाहीतर कागदाच्या घडीने. तिला सांगायला हवं, नंतर हात साबणाने धू. आधीच सांगायला हवं होतं. वाट बघता बघता त्यांचा धीर सुटायला लागला. कुठल्याही गोष्टीला ही पोरगी वेळ लावते. तिकडे सुट्टी संपत आली, कोणी इकडे आलं म्हणजे?

"अगं लाव ना," त्या म्हणाल्या. "किती वेळ अशी डोळे मिटून उभी राहू?"

बादलीत आणखी दोन थेंब पडले.

"गरिमा?"

"आई," अगदी कानाशी आवाज आला, "मी केव्हाची लावून राहिली आहे."

बाईंनी डोळे उघडले. पेन नव्हतं, कागद नव्हता. गरिमाची दोन बोटं, उघडी, त्या फिकट चट्ट्यावर घट्ट टेकलेली होती, आणि ती काढत नव्हती.